पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया: सिस्टिक फायब्रोसिस आणि मुलांची फुप्फुसे

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार स्वादुपिंड, आतडी, यकृत, सायनस आणि घामाच्या ग्रंथी अशा अनेक ठिकाणी आपली खूण सोडतो. पण मूल किती जगणार आणि कसे जगणार, हे बहुतेक वेळा त्याची फुप्फुसेच ठरवतात. जन्मतः ही फुप्फुसे दिसायला जवळपास निरोगी असतात. पहिल्या काही महिन्यांत बारीक श्वासनलिकांमध्ये चिकट कफ साचू लागतो, त्यात जंतू घर करतात, त्या जंतूंशी लढणाऱ्या पेशीच नळ्यांच्या भिंती पोखरतात आणि काही वर्षांत नळ्या कायमच्या रुंदावतात. हे नुकसान भरून येत नाही. म्हणून या आजारात वेळ हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच निदान उशिरा झाल्यामुळे वाया जाते.

आजाराची ओळख फुप्फुसांवरून पटली नव्हती. न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये कुपोषणाने आणि न्यूमोनियाने दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनांतून स्वादुपिंडातल्या गाठी आणि तंतुमय बदलांचे वर्णन केले. आजाराचे नाव त्यावरूनच पडले. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये याच आजाराची मुले नजरेत भरण्याइतकी जास्त होती. पॉल दि सांत'आन्येसे यांनी त्याचा माग काढला आणि १९५३ मध्ये या मुलांच्या घामात मीठ फार असते, हे दाखवून दिले. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी पायलोकार्पिन हे औषध सौम्य विजेच्या साहाय्याने त्वचेत सोडून घाम गोळा करण्याची रीत बसवली. साठ वर्षे उलटली तरी निदानाचा पाया तीच चाचणी आहे. दोषी जनुक सापडले १९८९ मध्ये. लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॅक रिऑर्डन यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावरचे सीएफटीआर हे जनुक शोधून काढले.

या जनुकापासून १,४८० अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनते. पेशीच्या आवरणात बसून ते क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची ये-जा सांभाळते. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर काही मायक्रोमीटर जाडीचा पातळ द्रव असतो. त्या द्रवात सूक्ष्म रोमके सतत हलत राहून धूळ, जंतू आणि कफ वर घशाकडे ढकलतात. सीएफटीआर काम करीत नाही, तेव्हा क्लोराइड बाहेर पडत नाही, सोडियम आणि त्याच्यामागून पाणी पेशींत ओढले जाते आणि हा थर सुकतो. कफ पाणी आटलेल्या बांधीतल्या गाळासारखा घट्ट होऊन रोमकांवर बसतो. बायकार्बोनेट कमी पडल्याने कफ नीट उलगडत नाही, शिवाय अस्तरावरचा द्रव आम्लधर्मी होतो आणि त्यातल्या नैसर्गिक जंतुनाशक प्रथिनांची धार कमी होते. या आजाराचे डुक्कर प्रयोगशाळेत तयार करून केलेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसले. म्हणजे बिघाड एकच, पण त्यातून दोन गोष्टी घडतात: कचरा बाहेर टाकण्याची व्यवस्था बंद पडते आणि जंतू मारण्याची ताकदही घटते.

पुढचा भाग शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा आहे, आणि तो समजल्याशिवाय फुप्फुसांची हानी समजत नाही. अडकलेल्या कफात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने धावून येतात. त्या इलास्टेज नावाचे विकर सोडतात. जंतूंसाठीचे हे हत्यार श्वासनलिकांच्या भिंतींतला लवचीक धागाही तोडते. पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातला डीएनए कफात मिसळून तो आणखी चिवट करतो. चिवट कफात नवे जंतू, नव्या जंतूंमागे नव्या पेशी, असे हे चक्र एकदा फिरू लागले की मूल वरवर बरे दिसत असतानाही थांबत नाही. ऑस्ट्रेलियात नवजात तपासणीत सापडलेल्या बाळांचा लहानपणापासून पाठपुरावा करून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिसऱ्या महिन्यात ज्या बाळांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेल्या द्रवात इलास्टेज सापडले, त्यांना पुढे ब्रॉन्किएक्टॅसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा दोष, होण्याची शक्यता बरीच जास्त होती. तीन वर्षांच्या वयात सीटी स्कॅनमध्ये हा दोष जवळपास साठ टक्के मुलांत दिसला. यातली कित्येक मुले खेळत-बागडत होती. खोकला नाही म्हणजे फुप्फुस सुरक्षित आहे, हा समज या आजारात महागात पडतो.

जंतूंचा क्रमही बऱ्यापैकी ठरलेला असतो. पहिल्या वर्षांत स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे दोन मुख्य पाहुणे. नंतर येतो स्यूडोमोनास एरुजिनोसा. पाणी, ओलसर माती, नळाची तोटी, नेब्युलायझरची न वाळवलेली कुपी अशा कुठल्याही दमट जागी तो राहू शकतो. सुरुवातीला तो विरळ असतो आणि औषधाने जातो. काही महिने तसाच राहू दिला, तर तो स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतो, आणि मग कोणतेही अँटिबायोटिक त्याला पूर्णपणे उखडू शकत नाही. त्या टप्प्यानंतर फुप्फुसांची घसरण वेगाने होते. बर्खोल्डेरिया सेपेशिया हा जंतू त्याहून भयानक. काही मुलांत तो रक्तात पसरून थोड्या आठवड्यांत जीव घेतो. अ‍ॅस्परजिलस या बुरशीमुळे दम्यासारखी अ‍ॅलर्जी उठते, आणि क्षयरोगाच्या जंतूचे काही भाऊबंद, ज्यांना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया म्हणतात, तेही मोठ्या मुलांच्या फुप्फुसांत मुक्काम ठोकतात.

आजार मुलात कसा दिसतो, हे वयावर अवलंबून असते. तान्ह्या बाळाला सर्दी-खोकल्याने सुरुवात होते, श्वास घुरघुरतो, ब्रॉन्किओलायटिस म्हणून उपचार होतात, बरे वाटते, पुन्हा होते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला वर्षातून अनेकदा न्यूमोनिया होतो, मधल्या काळातही ओला खोकला पूर्ण जात नाही. शाळकरी वयात सकाळी उठल्यावर पिवळसर-हिरवा बेडका पडतो, छाती पिंपासारखी फुगते, बोटांची टोके ढोलकीच्या काठीसारखी जाड होतात, नाकात मांसाचे गोळे वाढतात. लहान मुलाच्या नाकात असा गोळा, म्हणजे पॉलिप, दिसला की घामाची चाचणी केल्याशिवाय डॉक्टरांनी पुढे जाऊ नये, इतका तो सूचक आहे. पुढच्या टप्प्यात बेडक्यातून रक्त, फुप्फुसाभोवती हवा साठून अचानक लागणारा दम, रक्तातला प्राणवायू कमी होणे आणि उजव्या हृदयावर ताण. ब्रॉन्किएक्टॅसिस बहुधा वरच्या खंडांपासून सुरू होतो. क्षयरोगही फुप्फुसांच्या वरच्या भागातच जास्त दिसतो, आणि निदानाची गल्लत नेमकी येथे सुरू होते.

भारतात हा आजार नाही, तो गोऱ्या लोकांचा आजार आहे, असे वैद्यकीय पुस्तकांतून वर्षानुवर्षे शिकवले गेले. १९६८ मध्ये भारतीय बालरोग नियतकालिकांत पहिली प्रकरणे प्रसिद्ध झाली, तरी हा समज हलला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, सुशील कुमार काबरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून पद्धतशीर शोध सुरू केला, तेव्हा शोधले की सापडते, हे सिद्ध झाले. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेस्टर आशावैद यांच्या गटाने भारतीय रुग्णांतल्या जनुकीय बदलांवर काम केले. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे अडीच-तीन हजार जन्मांमागे एक बाळ या आजाराचे असते. भारतासाठी नवजात बाळांच्या रक्तातल्या एका बदलावरून काढलेला अंदाज चाळीस हजार ते एक लाख जन्मांत एक असा आहे. हा अंदाज एफ५०८डेल या एकाच बदलावर उभा आहे, आणि अडचणही तेथेच आहे. युरोपीय रुग्णांमध्ये हा बदल फार मोठ्या प्रमाणात आढळतो. भारतीय रुग्णांच्या मालिकांत तो साधारण एक पंचमांश ते निम्म्याहून कमी गुणसूत्रांत सापडला आहे. सीएफटीआरमध्ये दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले आहेत. परदेशी यादीवर बेतलेली ठरावीक बदलांची चाचणी भारतीय मुलाबाबत नकारात्मक आली, तर त्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही.

निदान कसे चुकते हे पाहण्यासाठी आता गडचांदूरचा परिसर डोळ्यांसमोर आणावा. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातले हे गाव माणिकगडच्या डोंगराजवळ, चुनखडीच्या खाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. एका बाजूला तेलंगणाची सीमा, आसपास गोंड आणि कोलाम वस्त्या, कापूस-सोयाबीनची शेते. पलीकडे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस हा कोळसा आणि औष्णिक विजेचा पट्टा, आणि वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीचे जंगल. अशा भागात खोकणारे, वाळलेले मूल डॉक्टरांसमोर आले, तर मनात येणारी पहिली चार नावे न्यूमोनिया, क्षयरोग, कुपोषण आणि सिकलसेल ही असतात. ती यावीतच, कारण ती खरोखर जास्त आहेत. सिस्टिक फायब्रोसिस पाचव्या क्रमांकावर येतो, आणि पाचव्या क्रमांकापर्यंत सहसा कोणी पोहोचत नाही.

न्यूमोनियाच्या बाबतीत या भागाने जगाला धडा दिला आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत केलेली चाचणी १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. लोकांना मुलांच्या न्यूमोनियाची लक्षणे शिकवली गेली. लोक ज्याला डब्बा म्हणतात, तो पोट-छाती आत ओढणारा श्वास दवाखान्याची वाट न पाहता गावातच ओळखला जावा, यासाठी आरोग्यदूत, दाया आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांना श्वास मोजून को-ट्रायमॉक्साझोल देण्याचे प्रशिक्षण मिळाले. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही मोजता यावे म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन तयार झाले. एका वर्षात पाच वर्षांखालच्या मुलांतले न्यूमोनियाचे मृत्यू हजारी ८.१ वर आले. तुलनेच्या गावांत ते १७.५ होते. अँटिबायोटिक वेळेवर मिळाल्याने एवढे साधते, तर त्याच अँटिबायोटिकने पुन्हा पुन्हा तात्पुरते बरे होणारे मूल वेगळे काढून ठेवणे, ही त्या कामाची पुढची पायरी ठरते. साधा न्यूमोनिया बरा झाला की फुप्फुस पूर्ववत होते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये प्रत्येक न्यूमोनिया मागे काहीतरी ठेवून जातो.

क्षयरोगाची गल्लत जास्त घातक, कारण उपचार सहा महिने चालतो आणि तेवढा काळ जातो. वरच्या खंडातली सावली, वजन न वाढणे, लांबलेला खोकला, एवढ्यावर मुलाला क्षयाची औषधे सुरू होतात. पहिले पंधरा दिवस थोडे बरेही वाटते, कारण रिफाम्पिसिन स्टॅफिलोकोकसवरही काम करते. मग जैसे थे. थुंकीत आम्लस्थायी जंतू दिसले, पण सीबीनॅट चाचणीत क्षयाचा जंतू आला नाही, तर क्षयेतर मायकोबॅक्टेरियांचा आणि त्यामागे दडलेल्या सिस्टिक फायब्रोसिसचा विचार व्हायला हवा. सिकलसेलच्या मुलालाही छातीत अचानक दुखून ताप आणि न्यूमोनियासारखी सावली येते. चंद्रपूर-गडचिरोलीत त्याची तपासणी आता उपकेंद्रापर्यंत गेली आहे, हे चांगलेच आहे. ती नकारात्मक आली की पुढचा प्रश्न विचारायला हवा.

कुपोषणाची गल्लत अंगणवाडीत होते. सिस्टिक फायब्रोसिसच्या बहुसंख्य मुलांचे स्वादुपिंड पचनरस आतड्यात सोडू शकत नाही. मूल भुकेने भरपूर खाते, शी मोठी, तेलकट, दुर्गंधीची होते, आणि वजन वाढत नाही. काही तान्ह्या बाळांत प्रथिनांचे पचन न झाल्याने अंगावर सूज आणि रक्ताची कमी दिसते. ते मूल 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित, म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होते, आहार मिळतो, वजन थोडे वाढते, घरी गेले की घटते. जे मूल मागून मागून खाते आणि तरी वाळते, ते निव्वळ उपासमारीचे मूल नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गावागावातल्या मुलांच्या तपासणीत हा फरक ओळखता येणे अवघड नाही. फक्त तो शिकवला जायला हवा.

गडचांदूरच्या मुलासाठी आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: ऊन आणि धूळ. चंद्रपूर देशातल्या सर्वांत उष्ण ठिकाणांपैकी एक आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणे येथे नवलाचे नाही. या आजारात घामावाटे मीठ निसटत असल्याने बाळाच्या रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड घसरते, रक्त अल्कधर्मी होते, मूल मलूल पडते, ओकते, दूध सोडते. याला स्यूडो-बार्टर अवस्था म्हणतात. भारतातल्या रुग्णमालिकांत ती वारंवार आढळली आहे, आणि कधी कधी फुप्फुसाच्या आधी तीच आजार उघड करते. जुलाब नाहीत तरी बाळ सुकले आहे आणि रक्तातले क्षार असे विस्कटले आहेत, हे चित्र एप्रिल ते जूनमध्ये दिसले, तर त्याला निव्वळ ऊन लागले म्हणून सलाइन लावून घरी पाठवू नये. तेंदूपत्त्याच्या हंगामात तान्ही मुले आईबरोबर दिवसभर रानात असतात, तेव्हा हा धोका सर्वाधिक. न्यूयॉर्कच्या १९४८ च्या लाटेत जे एकदा दिसले, ते येथे दर उन्हाळ्यात घडू शकते.

धुळीबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा जो निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण होते आणि देशात ते चौथ्या स्थानी होते. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदीवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हवेत सूक्ष्म कण जास्त असलेल्या भागातल्या रुग्णांची फुप्फुसक्षमता कमी आणि आजार बळावण्याचे प्रसंग जास्त आढळले. सिमेंटची धूळ आजार निर्माण करीत नाही. आजार जनुकातच असतो. पण ज्या श्वासनलिकांची साफसफाई आधीच बंद आहे, त्यांच्यात पडलेली धूळ निरोगी मुलासारखी बाहेर जात नाही. चुलीचा धूर आणि घरातल्या बिडीचा धूर यांचेही तसेच. घरात चूल असेल तर मुलाची झोपण्याची जागा वेगळी करणे, बिडी अंगणाबाहेर ओढणे, हे उपचाराचाच भाग समजायला हवे.

निदान घामावर होते. हाताच्या आतल्या बाजूला पायलोकार्पिन देऊन अर्धा तास घाम गोळा करतात आणि त्यातले क्लोराइड मोजतात. ते लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक असेल तर आजार जवळपास निश्चित. ३० ते ५९ असेल तर संशय कायम, जनुकीय तपासणी करावी. त्याहून कमी असेल तर शक्यता फार कमी. चाचणी दोनदा करण्याची प्रथा योग्य आहे. बाळ दोन आठवड्यांचे आणि दोन किलोंवरचे असावे, नाहीतर पुरेसा घाम मिळत नाही. गंभीर कुपोषणात घामातले क्लोराइड खोटे जास्त येऊ शकते आणि अंगावर सूज असेल तर खोटे कमी. या भागातल्या मुलांसाठी ही सूचना पुस्तकी नाही, रोजच्या कामाची आहे. मूल सुधारल्यावर चाचणी पुन्हा करावी. आयात केलेले यंत्र महाग असल्याने एम्सच्या गटाने देशी साहित्यातून घाम गोळा करण्याची पद्धत विकसित करून २००२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या रीतीची चाचणी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत बसवता येते. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला दोन शासकीय महाविद्यालये आणि एम्स आहे. गडचांदूरच्या आईवडिलांना मुंबई-दिल्ली गाठायला न लावता ही चाचणी चंद्रपुरात होणे पूर्णपणे शक्य आहे, आणि व्हायलाच हवी. मुलाचे चुंबन घेताना खारट लागते, कपाळावर वाळल्यावर पांढरे कण दिसतात, हे आई सांगते. डॉक्टरांनी ते विचारायला हवे, कारण ती आपणहून सांगतेच असे नाही.

निदानानंतर फुप्फुसांवर लक्ष ठेवण्याची रीत ठरलेली आहे. दर तीन महिन्यांनी बेडका किंवा घशातला नमुना संवर्धनासाठी पाठवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण स्यूडोमोनास पहिल्यांदा दिसतो तो काळ हातातून जाऊ द्यायचा नसतो. सहा वर्षांवरचे मूल फुंकून तपासणी करू शकते. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किती, यावरून घसरण मोजता येते. त्याहून लहान मुलांना ही तपासणी जमत नाही, आणि आरंभीच्या अवस्थेत ती सामान्य येते, तरी आत हवा अडकलेली असते. ती सीटी स्कॅनमध्ये किंवा अनेक श्वासांत वायू किती लवकर धुतला जातो, हे पाहणाऱ्या तपासणीत दिसते. पण लहान मुलाला वारंवार सीटीचे किरण देणे योग्य नाही, म्हणून ते जपून वापरावे.

उपचाराचा कणा म्हणजे कफ बाहेर काढणे. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे, आयुष्यभर. बाळाला मांडीवर वेगवेगळ्या कुशीवर ठेवून छातीवर हलके थोपटणे, मोठ्या मुलाला खोल श्वास, हफ करून, म्हणजे तोंड उघडे ठेवून जोरात श्वास सोडून, कफ वर आणणे, दाब देणाऱ्या साध्या साधनात फुंकणे, धावणे, सायकल चालवणे. हे शिकवायला फिजिओथेरपिस्ट लागतो, करायला आई-बाप पुरतात. त्याआधी खारट द्रावणाची वाफ दिली तर कफ सैल होतो. जगभर सात टक्क्यांचे द्रावण वापरतात. एम्समधल्या एका चाचणीत तीन टक्क्यांच्या द्रावणानेही मुलांची फुप्फुसक्षमता सुधारली, आणि ते मुलांना सोसवतेही जास्त. द्रावण देण्याआधी श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध द्यावे. कफातला डीएनए तोडणारे डॉर्नेझ अल्फा नव्वदच्या दशकात आले, परिणामकारक आहे, पण बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. खारट पाण्याची वाफ परवडते. कमी साधनांच्या भागात उपचार सुरू करायचा तर येथूनच करावा, महाग औषधाची वाट पाहत थांबू नये.

अँटिबायोटिकांचा वापर साध्या न्यूमोनियापेक्षा वेगळा असतो. मात्रा जास्त, काळ दोन ते तीन आठवडे, आणि निवड संवर्धनावरून. स्यूडोमोनास प्रथमच सापडला तर लक्षणे असोत-नसोत, वाफेतून टोब्रामायसिन किंवा कोलिस्टिन देतात. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि वाफेतले कोलिस्टिन एकत्र देऊन जंतूचा कायमचा मुक्काम लांबवता येतो हे तीन दशकांपूर्वी दाखवले. तीच रीत स्वस्त आहे. अझिथ्रोमायसिन दीर्घकाळ दिल्यास जळजळ कमी होते. एम्समध्ये त्याच्या लहान आणि मोठ्या मात्रेची तुलना झाली, तेव्हा मोठ्या मात्रेने जास्त फायदा झाला नाही. हे औषध सुरू करण्याआधी क्षयेतर मायकोबॅक्टेरिया नाहीत याची खात्री करावी. आणि एक शिस्त प्रत्येक दवाखान्याने पाळावी: या आजाराची दोन मुले एकाच बाकावर शेजारी बसवू नयेत. स्यूडोमोनास आणि सेपेशिया एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि मुले एकमेकांच्या सहवासात असतील असे कार्यक्रम जगभरातल्या केंद्रांनी याच कारणाने बंद केले. नेब्युलायझरची कुपी रोज उकळून पूर्ण कोरडी करावी. ओली ठेवली तर औषधाऐवजी जंतूच छातीत जातात.

फुप्फुसे आणि पोट वेगळी करता येत नाहीत. वजन चांगले असलेल्या मुलाची फुप्फुसे जास्त काळ टिकतात, हे प्रत्येक देशाच्या नोंदीत दिसते. जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूल, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे, आणि समवयस्क मुलापेक्षा सव्वा ते दीडपट उष्मांक. तेल-तूप कमी करण्याचा जुना सल्ला आता चुकीचा ठरला आहे. विकरे द्यावीत आणि तूप, शेंगदाणे, जवसाची चटणी, अंडी भरपूर द्यावीत. उन्हाळ्यात मीठ वाढवून द्यावे, तान्ह्या बाळालाही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. न्यूमोकॉकल लस २०२१ पासून राष्ट्रीय लसीकरणात सर्वत्र आहे, ती आणि दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस चुकवू नये.

२०१२ पासून दोषी प्रथिनालाच दुरुस्त करणारी औषधे येऊ लागली. आयव्हाकाफ्टर हे पहिले. २०१९ मध्ये आलेल्या एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर यांच्या संयुक्त गोळीने पाश्चात्त्य देशांतले चित्र पालटले. फुप्फुसक्षमता वाढली, रुग्णालयात दाखल होणे घटले, फुप्फुसप्रत्यारोपणाच्या याद्या ओसरल्या. पन्नासच्या दशकात शाळेत जाण्याआधी मरणारी मुले आता तेथे नोकरी करतात, आई-बाप होतात. पण २०१९ मध्ये अमेरिकेतली किंमत वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर होती, आणि २०१९ नंतरची अनेक वर्षे हे औषध भारतीय बाजारात आलेच नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश तिसऱ्या गटात, म्हणजे उपचार असले तरी ते फार महाग असणाऱ्या आजारांत आहे. २०२२ पासून ठरावीक केंद्रांतून प्रत्येक रुग्णासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रातल्या अशा केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. या औषधांच्या किमतीपुढे ही रक्कम काही महिन्यांत संपते. शिवाय भारतीय मुलांत एफ५०८डेल कमी असल्याने सर्वांनाच या औषधांचा फायदा होणार नाही. म्हणून प्रत्येक मुलाचे दोन्ही जनुकीय बदल आधी नेमके ओळखणे आवश्यक आहे. औषधाची किंमत उतरावी ही मागणी न्याय्यच आहे आणि ती लावून धरायला हवी. तोपर्यंत वाफ, छातीचा व्यायाम, वेळेवर अँटिबायोटिक, विकरे आणि मीठ यांवर मूल कित्येक वर्षे चांगले जगू शकते.

हा आजार आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक आले तरच होतो. आई-वडील स्वतः पूर्ण निरोगी असतात. मामे-आते नात्यांत लग्ने होणाऱ्या कुटुंबांत एकच दोषी जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नातही हा आजार होतो, तेव्हा कोणाला दोष देण्याचे कारण नाही, आणि आईला तर मुळीच नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एका मुलात निदान झाले की त्याच्या सर्व भावंडांची घामाची चाचणी, ती खोकत असोत किंवा नसोत, करून घ्यावी.